कापसाची वाट, विणकराची वाट

मुसलमानांचा इतिहास म्हटला की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक बादशहांचे, किल्ल्यांचे आणि लढायांचे. दुसरे १९४७ च्या फाळणीचे. पहिल्या चित्रात अभिमान आहे, दुसऱ्यात अपराधीपणाची सावली. पण या दोन्ही चित्रांत मोमीनपुऱ्यातल्या खड्डामागावर बसलेला माणूस कुठेच दिसत नाही. त्याचा धोटा, त्याची कांडी, रात्री चिमणीच्या उजेडात ताणा जोडणारी त्याची बायको, सुताच्या व्यापाऱ्याकडची त्याची उधारी, यांतले काहीही आपण इतिहास म्हणून शिकवत नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. तिथल्या बाकांवर बसणाऱ्या कितीतरी मुलांच्या पणजोबांचे आयुष्य बादशहांनी घडवले नव्हते, फाळणीनेही घडवले नव्हते. ते घडवले होते कापसाच्या आणि सुताच्या भावांनी. हे भाव नागपुरात ठरत नव्हते. ते लिव्हरपूलला ठरत, मँचेस्टरला ठरत, पुढे ओसाकालाही ठरू लागले. म्हणून ब्रिटिश साम्राज्याच्या व्यापाराचा इतिहास हा परक्यांचा इतिहास नाही. तो आपल्या मोहल्ल्याचा इतिहास आहे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आज रामदासपेठेत दवाखाने आहेत, कार्यालये आहेत, शिकवणीवर्गांच्या पाट्या आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे जाणाऱ्या मुलाला इथे कापसाची आठवण यावी असे काही दिसत नाही. पण इथून सीताबर्डीची टेकडी ओलांडून स्टेशनाकडे, तिथून पुढे मोमीनपुऱ्याकडे आणि कन्हान नदीच्या दिशेने कामठीकडे निघालो, तर या शहराची दीडशे वर्षे एका रांगेत उभी असलेली दिसतात. टेकडीवर १८१७ साली भोसल्यांचा पराभव झाला. स्टेशनात १८६७ साली मुंबईची रेल्वे आली. जुम्मा तलावाच्या काठी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. आणि त्याच्या पलीकडे विणकरांच्या वस्त्या. ही केवळ ठिकाणे नाहीत, ही एकाच गोष्टीची प्रकरणे आहेत.

नागपूर शहर वसवले ते देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने, १७०२ च्या सुमारास. औरंगजेबाच्या काळात त्याने इस्लाम स्वीकारला होता. त्याने आणि पुढे भोसल्यांनी निरनिराळ्या जातीजमातींचे कारागीर इथे वसवले. नागपूर, उमरेड, भंडारा, पवनी या पट्ट्यात रेशीमकाठी धोतरे, लुगडी, उपरणी आणि पागोटी विणली जात. कोष्टी बारीक कापड विणत. महार विणकर जाडेभरडे कापड विणत, आणि शेतकऱ्याच्या अंगावर तेच असे. सूत मात्र घरोघरी काते जाई, आणि ते काम बहुतेक बायकांचे होते. कापूस इथला, सूत इथले, कापड इथले आणि गिऱ्हाईकही बरेचसे इथलेच.

त्या काळात इंग्रजांचा व्यापार उलट्या दिशेने चालत होता हे लक्षात ठेवले पाहिजे. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनी सुरतेहून, मच्छलीपट्टणहून आणि बंगालमधून कापड विकत घेऊन विलायतेला नेत होती आणि त्याचे मोल बहुतांशी चांदीत चुकवत होती. हिंदुस्थानी छिटाने तिथले विणकर इतके हैराण झाले की इंग्लंडच्या पार्लमेंटला १७०० आणि १७२१ साली कायदे करून त्या कापडावर बंदी घालावी लागली. ज्या देशाने पुढे जगाला खुल्या व्यापाराचा उपदेश केला, त्याच्या कापडधंद्याचा पाळणा असा बंदीच्या दोरीने हलत होता. पुढे वाफेचे यंत्र आले, सूत कातण्याची यंत्रे आली, आणि शंभर वर्षांत वारा फिरला. १८१३ च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानच्या व्यापारातली कंपनीची मक्तेदारी संपली आणि मँचेस्टरच्या मालाला हा बाजार मोकळा झाला. आता कापड तिकडून इकडे येणार होते आणि कापूस इकडून तिकडे जाणार होता.

पण कापूस हवा तसा जात नव्हता. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या कष्टांवर पिकून येत होता. एकाच देशावर एवढे अवलंबून राहणे बरे नव्हे, ही भीती मँचेस्टरला सतावत होती. १८४८ साली जॉन ब्राइट यांच्या अध्यक्षतेखाली पार्लमेंटची एक समिती केवळ हिंदुस्थानातल्या कापसाचा विचार करण्यासाठी बसली. १८५३ साली कर्जाच्या बदल्यात निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले आणि १८५४ साली नागपूर खालसा झाले. दत्तक वारस नामंजूर, हे कारण आपण शाळेत शिकवतो. ते खरेच आहे. पण लॉर्ड डलहौसीने नागपूरसंबंधी लिहिलेल्या टिपणात इंग्लंडच्या कारखानदारीला लागणाऱ्या कापसाचाही उघड विचार केलेला आहे. म्हणजे गादीचा प्रश्न आणि गाठीचा प्रश्न एकाच कागदावर मांडले गेले होते. शाळेच्या पुस्तकात यांतला पहिलाच तेवढा उरला.

१८६१ हे साल नागपूर-कामठीच्या लोकांना बाबा ताजुद्दीन यांच्या जन्माचे साल म्हणून ठाऊक आहे. त्याच साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि लँकेशायरमध्ये कापसाचा दुष्काळ पडला. तिथल्या गिरण्या बंद पडून हजारो कामगार रस्त्यावर आले. इकडे मुंबईत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांनी बँका आणि समुद्र हटवण्याच्या कंपन्या यांचा जुगार मांडला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि जुलै महिन्यात मुंबईच्या कित्येक पेढ्या बुडाल्या.

या चार वर्षांची हकीकत बहुधा शेतकरी आणि सावकार यांच्या बाजूने सांगितली जाते. विणकराच्या बाजूने ती अगदी वेगळी दिसते. कापूस महागला म्हणजे सूत महागले. कापडाचे भाव त्या मानाने वाढले तर गरीब गिऱ्हाईक नवे लुगडे घ्यायचे लांबणीवर टाकी. गावात पीक उत्तम, बाजारात पैसा खुळखुळतो आहे, आणि त्याच गावात माग बंद. विणकराचे दैन्य हे पाऊसपाण्याच्या दुष्काळाशिवायही येऊ शकते, आणि ते समुद्रापलीकडच्या लढाईनेही येऊ शकते, हा धडा त्याला तेव्हा प्रथम मिळाला.

युद्ध संपले तरी वऱ्हाडावरची नजर हटली नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांच्यासाठी सरकारने खास कापूस आयुक्त नेमला. रिव्हेट-कारनॅक हे त्याचे नाव. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला. १८७० साली समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. त्याच साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले आणि जलंब-खामगाव ही रेल्वेची छोटी शाखा त्यांनी खुली केली. एका कापूसबाजारासाठी देशाचा व्हाइसरॉय एवढ्या लांब येतो, यावरून त्या बाजाराचे मोल कळावे. रॅली ब्रदर्स, व्होल्कार्ट ब्रदर्स अशा परदेशी पेढ्यांचे हस्तक वऱ्हाडात येऊन बसले. जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. हिंगणघाटच्या कापसाचे नाव लिव्हरपूलच्या भावपत्रकात झळकू लागले. १८९७ साली वऱ्हाडात कापूस आणि धान्य यांच्या बाजारांसाठी कायदा झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे मूळ तिथे आहे. शेतकऱ्याचे हित हा त्या व्यवस्थेचा आरंभ नव्हता, परदेशी खरेदीदाराला बिनभेसळीचा माल मिळावा हा होता.

या कापूस आयुक्ताच्या १८६९ च्या अहवालात एक विचार मांडलेला आहे. तो आमच्या मते विदर्भातल्या प्रत्येक विणकराच्या घरात ठाऊक असायला हवा. त्याचा आशय असा : या भागात रेल्वेची शाखा आली तर विलायती कापड इतक्या स्वस्तात आणता येईल की देशी कापड त्यापुढे टिकणार नाही. मग जो कापूस आज इथेच सूत म्हणून खर्च होतो तो निर्यातीला मोकळा होईल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेले लोक शेतमजुरीसाठी उपलब्ध होतील. यात कुठे द्वेष नाही, शिवीगाळ नाही. एका कर्तबगार अधिकाऱ्याने हिशेब मांडला आहे. त्या हिशेबात पिढ्यान्पिढ्यांचे हुनर हे अडकून पडलेले मनुष्यबळ आहे, आणि करघा ही कापसाच्या निर्यातीतली अडचण आहे.

मग हा हिशेब खरा ठरला का? इथेच आपल्या पाठ्यपुस्तकांतले ठोकळेबाज वाक्य अपुरे पडते. 'इंग्रजांच्या यंत्रमालाने देशी विणकर नष्ट झाला' असे आपण शिकवतो. विणकर नष्ट झाला असता तर मोमीनपुरा कुठून आला असता? कामठी, मालेगाव, भिवंडी, बऱ्हाणपूर इथल्या विणकरवस्त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढल्या कशा?

खरे असे की आधी कातणारी गेली, विणणारा नव्हे. हाताने काढलेले सूत यंत्राच्या सुतापुढे टिकणे शक्यच नव्हते. खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या हातचा चरखा थांबला. त्यांत विधवा होत्या, म्हाताऱ्या होत्या, सर्व जातीधर्मांच्या होत्या. त्यांच्या चार पैशांच्या मिळकतीची नोंद कुणी ठेवली नव्हती, त्यामुळे ती गेल्याचीही नोंद झाली नाही. त्यानंतरचा मोठा घाव बसला तो जाडेभरडे कापड विणणाऱ्या महार विणकरांवर, कारण गिरणीचे स्वस्त कापड नेमके त्याच गिऱ्हाइकाकडे जात होते. त्यांतले अनेक पुढे एम्प्रेस मिलच्या कताई खात्यात मजूर झाले. बारीक कापड विणणारे कोष्टी आणि मोमीन तगले. ते तगले याची कारणे दोन. एक, इथल्या बायकांना लागणारे नऊवारी लुगडे, त्याचा काठ, त्याचा पदर, गावागणिक बदलणारा त्याचा रंग, हे मँचेस्टरला जमणारे नव्हते. दुसरे, गिरणीचे सूत स्वस्त आणि एकसारखे होते, म्हणून विणकराने ते आपलेसे केले. ज्या यंत्राने त्याच्या आईचा चरखा बंद पाडला, त्याच यंत्राच्या सुतावर त्याने आपला माग चालू ठेवला.

पण या तगण्याची किंमत होती. पूर्वी सूत गल्लीतून मिळत होते, आता ते पेढीवरून घ्यावे लागले. पूर्वी विणकर कापडाचा धनी होता, आता सुताच्या व्यापाऱ्याचा देणेकरी झाला. सूत उधार घ्यायचे, लुगडे त्याच व्यापाऱ्याला द्यायचे, आणि हिशेब त्याच्या वहीत. साम्राज्याच्या व्यापाराने विणकराला मारले नाही, त्याला बांधले.

हे सूत पुरवणारी सर्वांत मोठी गिरणी नागपुरातच उभी राहिली. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडले, कारण कापूस इथे, गिऱ्हाईक इथे, आणि कोळसा जवळ. त्या काळी इथल्या एका मारवाडी सावकाराने त्यांना पैसा द्यायचे नाकारले होते, खड्ड्यात सोने ओतणारा माणूस म्हणून. पुढे त्यानेच कबूल केले की या माणसाने माती टाकून सोने काढले, अशी कथा सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. त्याच दिवशी ही गिरणी सुरू झाली, म्हणून तिचे नाव एम्प्रेस. देशी भांडवलाने उभारलेली, लँकेशायरशी टक्कर देणारी गिरणी, आणि नाव मात्र सम्राज्ञीचे. त्या काळच्या उद्योजकाची सगळी कसरत या एका नावात आहे.

आता विणकर कुठून आले ते पाहू. मोमीनपुरा आणि कामठी इथल्या अन्सारी घराण्यांना विचारले तर बुजुर्ग आझमगड, मऊ, बनारस, अलाहाबाद ही नावे घेतात. १८५७ च्या उठावानंतरची धरपकड, एकामागून एक पडलेले दुष्काळ आणि तिकडच्या कापडाची गेलेली मागणी यांमुळे पूर्वेकडचे जुलाहे दक्षिणेकडे निघाले. कुणी आग्रा रस्त्याने मालेगावला गेले, कुणी बऱ्हाणपूरला, कुणी भिवंडीला. आणि मिर्झापूर-जबलपूर-सिवनी या जुन्या दख्खन रस्त्याने जे उतरले, ते कामठी आणि नागपूरला पोहोचले. कामठीत १८२१ पासून लष्कराची छावणी होती, म्हणजे तयार बाजार होता.

हा रस्ता आपण नीट पाहिला पाहिजे. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून याच रस्त्याने उत्तरेला मिर्झापूरला जात असे आणि तिथून गंगेने पुढे. रेल्वेने तो कापूस पश्चिमेला, मुंबईकडे वळवला. वंजाऱ्यांचे तांडे मोडले. आणि ज्या रस्त्याने कापूस वर जात होता, त्याच रस्त्याने विणकर खाली आले. कापसाने वाट बदलली, माणसांनी त्याचा माग काढला. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडची 'हमारे बुजुर्ग पूरब से आए' ही साधी हकीकत अशी जगाच्या व्यापाराशी जोडलेली आहे.

जकातीच्या गोष्टीकडे वळू. हा भाग मुलांना रुक्ष वाटतो, पण खरी मेख इथेच आहे. हिंदुस्थान सरकार विलायती कापडावर थोडी आयात जकात घेत असे, तीही केवळ महसुलासाठी. मँचेस्टरला ती खुपू लागली. १८७९ साली लॉर्ड लिटनने आपल्या कार्यकारी मंडळातल्या बहुमताचा विरोध डावलून ती काही मालावरून उठवली, आणि १८८२ साली ती पुरती गेली. १८९४ साली तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा पाच टक्के जकात पुन्हा बसवावी लागली. पण लँकेशायरचे मन राखण्यासाठी देशी गिरण्यांच्या २० नंबरवरच्या सुतावरही तेवढाच कर लावला. १८९६ साली नवी तडजोड झाली : विलायती कापडावर साडेतीन टक्के आणि देशी गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के, सुतावर काही नाही. स्वतःच्या देशातल्या मालावर, परदेशी मालाशी बरोबरी व्हावी म्हणून कर! हा कर १९२५ च्या डिसेंबरात स्थगित झाला आणि १९२६ साली रद्द झाला. तीस वर्षे तो राष्ट्रीय चळवळीच्या काळजात सलत होता.

यातली गंमत अशी की हा कर हातमागावर नव्हता आणि सूतही करमुक्त होते. त्यामुळे विणकराला नकळत थोडा दिलासा मिळाला. सरकारने तो विणकरासाठी दिला नव्हता. लँकेशायर आणि मुंबईच्या गिरण्या यांच्या ओढाताणीत त्याच्या पदरात तो पडला. दोन हत्तींच्या झुंजीत गवत तुडवले जाते हे खरे, पण कधीकधी हत्ती एकमेकांत गुंतल्याने गवताला चार दिवस उसंतही मिळते.

दरम्यान व्यापाराची दिशाच बदलत होती. वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस लँकेशायरच्या बारीक सुताला फारसा उपयोगी नव्हता. अमेरिकेचा कापूस परत मिळू लागल्यावर लिव्हरपूलने पाठ फिरवली. मग गाठी जर्मनी, इटली, बेल्जियम, ऑस्ट्रियाला जाऊ लागल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जपानला. मुंबईचे सूत चीनला जात होते. या व्यापारात आपली माणसेही होती. खोजा समाजातले सर करीमभाई इब्राहिम यांच्या पेढीने चीन आणि जपानशी अफू, सूत, कापूस यांचा व्यापार केला, पुढे मुंबईत गिरण्यांचा मोठा समूह उभा केला. तो १९३३ साली मंदीच्या लाटेत कोसळला. अफूचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. साम्राज्याच्या व्यापारात आपण फक्त लुटले गेलेल्यांतच नव्हतो, काही ठिकाणी वाटेकरीही होतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

जपानला कापूस नेणाऱ्या जहाजांवर ब्रिटिश पी. अँड ओ. कंपनीची पकड होती आणि तिचे भाडे जबर होते. १८९३ साली जमशेटजींनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी हातमिळवणी करून स्वतःची जहाजे सोडली. पी. अँड ओ.ने भाडे नाममात्र केले, टाटांच्या जहाजांकडे माल देणारे व्यापारी फुटले, आणि थोड्याच काळात ती जहाजे थांबवावी लागली. मैदान मोकळे झाल्यावर भाडे पुन्हा चढले. खुल्या व्यापाराचा खुलेपणा कुठपर्यंत, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

मग कापूस जपानला किंवा जर्मनीला गेला तर इंग्लंडचे काय बिघडले? काहीच नाही, उलट फायदाच झाला. जपानी व्यापारी त्या कापसाचे पैसे शेवटी लंडनमध्ये पौंडांत भरी. लंडनचा भारतमंत्री त्या पौंडांच्या बदल्यात हुंड्या विके, आणि त्या हुंड्यांवर इथल्या तिजोरीतून, म्हणजे रयतेने भरलेल्या सारा-जकातीतून, रुपये दिले जात. पौंड तिकडेच राहत आणि निवृत्तिवेतने, कर्जावरचे व्याज, लष्कराचा खर्च अशा नावांनी जिरत. एस. बी. सॉल या इंग्रज इतिहासकाराने दाखवले आहे की पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटनची इतर देशांशी येणारी तूट भरून काढण्यात हिंदुस्थानचा वाटा बहुधा दोन-पंचमांशाहून अधिक होता. अकोल्याच्या शेतकऱ्याने ओसाकाला विकलेला कापूस असा लंडनची बाकी फेडत होता.

१९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि असहकाराचा ठराव पक्का झाला. खिलाफतीचे वारे होते. विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या. मोमीन विणकरांनीही या चळवळीत भाग घेतला. पण त्यांचा पेच कुणी फारसा समजून घेतला नाही. खादीला हातसूत हवे, आणि ते सूत ताण्यावर टिकत नव्हते. बारीक लुगड्याला लागणारे सूत विलायती किंवा गिरणीचे. १९२२ साली विलायती सुतावर पाच टक्के जकात बसली. १९२७ साली जपानी सुतापासून देशी गिरण्यांना वाचवण्यासाठी ती आणखी कडक झाली. देशी उद्योगाला संरक्षण म्हणून सर्वांनी टाळ्या वाजवल्या, पण विणकराचे सूत महागले. त्याच काळात आसिम बिहारी यांच्या पुढाकाराने मोमीन कॉन्फरन्स संघटित होत गेली. तिने विणकराची भाकरी हा कौमचा प्रश्न मानला, आणि पुढे फाळणीच्या मागणीलाही विरोध केला. त्या विरोधामागे ही भाकरीची जाणही होती, असे आम्हाला वाटते.

पहिल्या महायुद्धापूर्वी लँकेशायर हिंदुस्थानला वर्षाला तीनशे कोटी यार्डांच्या आसपास कापड पाठवत होते. १९३० नंतर जागतिक मंदी, बहिष्कार, देशी गिरण्या आणि जपान या चौघांनी मिळून तो व्यापार पार खाली आणला. १९३२ च्या ओटावा करारात साम्राज्यांतर्गत सवलतीचे दर आले. १९३३ साली जपानी कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली, तेव्हा जपानने हिंदुस्थानी कापूस घेणेच थांबवले आणि वऱ्हाडचा शेतकरी हवालदिल झाला. १९३४ च्या करारात तुम्ही इतका कापूस घ्या, आम्ही इतके कापड घेऊ, असा सौदा ठरला. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरला जाऊन तिथल्या बेकार कामगारांना भेटले होते. दोन्ही टोकांना उपाशी असणारा शेवटी विणकरच होता.

आणि तरीही १९४२ साली सरकारच्या सत्यशोधन समितीने मोजणी केली तेव्हा देशात वीस लाखांच्या घरात हातमाग होते. कापूस आयुक्ताचा १८६९ चा हिशेब चुकला होता. शेतमजूर व्हायला सांगितलेला माणूस पाऊणशे वर्षांनंतरही मागावर बसला होता. त्याला उद्ध्वस्त म्हणणे हा त्याचा अपमान आहे आणि सुखी म्हणणे हे खोटे आहे.

स्वातंत्र्यानंतरची कहाणी वेगळी आहे. यंत्रमाग आले, कृत्रिम धागा आला, एम्प्रेस मिल सरकारकडे गेली आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. त्यात कापडही विकले जाते, पण ते कुठे विणले हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. जकातीचे कोष्टक मात्र अजून जिवंत आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरची ११ टक्के आयात जकात काही महिन्यांसाठी उठवली. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता, विदर्भातल्या शेतकऱ्याला भाव हवा होता. ही ओढाताण १८९६ च्या वहीतल्या पानासारखीच आहे, फक्त पात्रे बदलली आहेत.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की कौमचा इतिहास तख्ताभोवती शोधणे आता पुरे झाले. 'जुलाहा' हा शब्द शिवीसारखा वापरला गेला, म्हणून आपण 'मोमीन' झालो, 'अन्सारी' झालो; ते योग्यच झाले. पण नाव बदलताना कामाची आठवण पुसली जाऊ नये. कामठी-मोमीनपुऱ्यात अजून अशी वृद्ध माणसे आहेत ज्यांना सुताचे नंबर, लुगड्यांच्या काठांची नावे, कोणत्या पेढीवर कसा हिशेब चालत असे, हे तोंडपाठ आहे. त्यांचे शब्द आपल्या मुलांनी वहीत उतरवून घ्यावेत. ते उर्दूत उतरवावेत आणि मराठीतही, कारण हा इतिहास शेजारच्या कोष्ट्याचा, महाराचा, कुणब्याचाही आहे. आणि त्या शब्दांशेजारी जुन्या गॅझेटियरमधले आकडे ठेवावेत. हे दोन कागद एकत्र वाचले तर मुलाला कळेल की त्याचा पणजोबा जगाच्या बाजारात उभा होता. त्याला भाव ठरवता आला नाही, पण त्याने ठाण सोडले नाही.